खांबाला फुटलेलं रक्त

"खांबाला रक्त फुटलं!" ही आवई सिल्वासात पसरायला अर्धा तास पुरला, आणि दमणगंगेच्या काठी जत्रा जमली.

आदल्या वर्षीच्या पुरात जुना पायपूल वाहून गेला होता. त्याच्या जागी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नवा पूल उभा राहत होता. पहिल्या खांबाच्या साच्याच्या फळ्या त्याच सकाळी काढलेल्या, काँक्रीट अजून ओलसर. पूजेला आलेल्या भगवंतबाबाने त्यावर तांब्यातलं पिवळं तीर्थ ओतलं आणि बघता बघता ते लालभडक झालं.

"माता कोपली!" बाबा घुमू लागला. "नवरा खाल्लेली बाई इथं घमेली वाहते! हाकला तिला, नाहीतर हा पूल सात जीव घेईल!"

सगळ्या माना कावेरीकडे वळल्या. तिचा नवरा वाल्मिक मसाटच्या कारखान्यातून सायकलवर घरी येताना जुन्या पुलासकट गेला होता. भिका मुकादमाने तिच्या डोक्यावरचं घमेलं ओढलं. शेजारच्या झोपडीतल्या आक्काबाईने चक्क दगड उचलला.

"खबरदार!" पुलाचा नकाशा काढणारी इंजिनिअर शैलजा सावंत धावत मध्ये पडली. "रक्तबिक्त काही नाही!"

"मग पानी लाल कसं झालं, बाई?" भिकाने विचारलं.

शैलजाने वाकून खांबावरचा लाल ओघळ निरखला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा, कारण कळत नाही म्हणून. तेवढ्यात बाबाने ऐटीत तिच्यावर तीर्थ शिंपडलं. पांढऱ्या पदरावर पिवळे डाग पडले. तिने वास घेतला. हळद!

"आक्काबाई, दगड टाका आणि धुण्याचा साबण आणा."

तिने डागावर साबण घासला. डाग तांबडा झाला. मग बाबाच्या हातचा तांब्या हिसकावून तिने काठच्या काळ्या दगडावर तीर्थ ओतलं. ते पिवळंच राहिलं. खांबावर ओतलं, लाल!

"साबणात खार असतो, ओल्या सिमेंटातही असतो. खार लागला की हळद लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात, हे काय मी तुम्हाला सांगायचं? रोज धुणं धुता, रोज हा डाग बघता, आणि एका भोंदूने घुमून दाखवलं की बाईच्या जिवावर उठता? लाज नाही वाटत?"

"ये तो माया है, माया..." पुटपुटत बाबा मागे सरकला. भिकाने त्याची मानगूट धरली. "मारो साले को!"

"सोड त्याला!" शैलजा कडाडली. "पोलीस बघतील. मघाशी हेच हात हिच्यावर पडणार होते. दगड उचलण्याआधी एकदा विचारा, हे झालं कसं? एवढं विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही."

आक्काबाई खाली मान घालून पुढे आली. "चुकलं माय, कावेरी. चाल, कामाले लाग."

कावेरी जागची हलली नाही. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आन् बाईले हळदीचा वास आला नसता तं?"