विभूती न लावलेला उंदीर

नांदगावच्या पुतणीचं, कुसाबाईचं, पत्र येऊन पाच महिने झाले होते. मोतीरामतात्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘तात्या, सायखेड्याच्या महाराजांनी ह्यांच्या पायाचा पू पांढऱ्या उंदराला टोचला, वर विभूती लावली. आठ दिवसांनी उंदीर ठणठणीत! रोग जळाला म्हणतात. गोळ्या बंद करू का? तुम्ही उंदरांच्या प्रयोगशाळेत होता, म्हणून विचारते.’

उत्तर ठाऊक होतं. पण तात्या पिंजरे सांभाळणारे, डॉक्टर थोडेच! चार कागद फाडले. तोवर कुसाने गोळ्या बंद केल्या आणि जावयाचा, धोंडीरामचा, पाय कापावा लागला.

आता दुसऱ्या पायाची टाच चिघळली होती. तात्यांनी फोन केला, “महाराजांकडे जाऊ नको.”

“का?”

“मी काही डॉक्टर नाही, पण...”

“तुमचीच खात्री नाय, तात्या. पुनवेला नेते ह्यांना.”

गुरुवारी तात्या सायखेड्याच्या मंडपात उभे राहिले. गर्दी हात जोडून बसलेली.

“गणरायाचं वाहन!” महाराज गरजले. “रोग मूषकराज गिळतो, विभूती जाळते!”

“दोन उंदीर घ्या,” तात्या म्हणाले. “दोघांना तोच पू टोचा. विभूती एकालाच लावा.”

“म्हाताऱ्या, देवाची परीक्षा घेतो?”

“देवाची नाय, तुमची!” गर्दीतली भाजीवाली नवसाबाई ओरडली. “पिंजरे माझ्या घरी ठेवते, कुलूप लावून.”

लोक हसले. महाराजांना माघार घेता येईना.

पुढच्या गुरुवारी मंडपात पू टोचलेले दोन्ही उंदीर दाणे कुरतडत होते.

“आगं बया, इभूतीबिगर बी बरा झाला!” गर्दीतली एक बाई म्हणाली.

“आजारीच पडला नव्हता!” तात्यांचा आवाज प्रथमच चढला. “पुवातले हे जंतू धडधाकट जिवाला सहसा धरत नाहीत. प्रयोगशाळेत आम्ही उंदराला आधी मधुमेह करायचो, तेव्हा कुठे जखम चिघळायची. मग जंतू आत दडून महिनोन्‌महिने राहायचे. वर कातडी, खाली पू. माझा जावई मधुमेही आहे. ह्याने निरोगी उंदीर दाखवला आणि जावयाचा पाय खाल्ला!”

महाराज मागच्या कनातीतून सटकू लागले. नवसाबाईने उपरणं धरलं, कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत तात्या महाराजांचा पांढराफटक चेहरा बघत राहिले. दया आली नाही.

फोनवर सांगता आलं नव्हतं ते घरी येऊन त्यांनी एका दमात लिहिलं: ‘कुसा, मी गप्प राहिलो, तो गुन्हा माझा. महाराजांविरुद्ध तक्रार दिली आहे. तू साक्षीला ये, त्याला सोडायचं नाही. पत्र मिळताच टाच डॉक्टरांना दाखव. डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या सोडू नको, जखम भरलेली दिसली तरी. चमत्कार दाखवणाऱ्याला विचारत जा, तुमच्या विभूतीवाचून काय झालं असतं?’

पुनवेला अजून चार दिवस होते. तात्यांनी स्पीड पोस्टाची पावती घेतली.