बुडबुड्यांवर नजर

मामांच्या यकृतात दीड सेंटिमीटरचा ठिपका निघाला. साधी गाठ की कॅन्सर, हे बुडबुड्यांच्या सोनोग्राफीत कळेल, असं भाची म्हणाली. ती स्वतःच सोनोग्राफीची डॉक्टर. झालं, मामांनी आठवडाभर दुसरं काही वाचलं नाही.

"परीक्षा तिची आहे, तुमची नव्हे," मामी म्हणाल्या.

वाचलेलं मामांना पाठ झालं होतं. रक्तपेशीपेक्षाही बारीक, वायू भरलेले बुडबुडे शिरेत सोडतात. ते जिथे पोचतात तिथे पडद्यावर उजळतं. साध्या गाठीत ते रेंगाळतात, कॅन्सरच्या गाठीतून लवकर निघून जातात आणि ती काळी पडते. हे शेवटचं मात्र त्यांनी मामींना वाचून दाखवलं नव्हतं.

मामा टेबलावर आडवे झाले. भाचीने कुपी हलवून इंजेक्शन दिलं, पोटावर प्रोब टेकवला. ठिपका हळूहळू उजळला.

"आला! किती सुरेख!" मामा मान उंचावून म्हणाले.

"पोट हलवू नका मामा. आता मी मधूनमधून बघणार."

"मधून कशाला? धर ना तिथेच. मला नीट बघू दे."

"तिला शिकवा आता!" मामी खुर्चीवरून म्हणाल्या. "जन्मात कधी पोळी उलटली नाहीत, सोनोग्राफी शिकवताय."

"असू दे गं मामी," भाची हसली. लहानपणी मामांनी तिचा एकही हट्ट मोडला नव्हता. तिने प्रोब तसाच धरून ठेवला.

तीन मिनिटं झाली आणि ठिपका काळा पडला.

मामांनी मामींकडे पाहिलं. त्या पर्समध्ये चष्मा शोधत होत्या.

"काळा झाला," मामा पुटपुटले.

भाचीने प्रोब यकृताच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. तिकडे बुडबुडे अजून चमकत होते. तिने कपाळावर हात मारला.

"मामा, तुमच्या नादाने मी अगदी गाढवपणा केला! प्रोबच्या लहरींनीच बुडबुडे फुटतात. एकाच जागी धरून बसले, तिथले सगळे फोडले आपण. यावरून काही म्हणजे काहीच ठरत नाही."

"एवढं वाचलंत, नेमकं तेच पान गाळलंत?" मामी म्हणाल्या.

पंधरा मिनिटांनी दुसरं इंजेक्शन. या वेळी भाचीने पडदा स्वतःकडे वळवला. क्षणभर बघायचं, प्रोब उचलायचा, थांबायचं. मामा छताकडे बघत सेकंद मोजत राहिले. तीन मिनिटं. चार. पाच.

"उजळ आहे," भाची म्हणाली. "अगदी बाजूच्या यकृताइतका. साधी रक्तवाहिन्यांची गाठ आहे मामा, कॅन्सर नाही."

मामांनी मामींकडे मान वळवली. आता चिडवतील, म्हणून ते वाट बघत होते. मामींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"काळा झाला म्हणजे काय, ते मीही वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपल्यावर."