सोनाजीची घोंगडी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी घोंगडी आहे. मला मेंढरांचा वास येतो आणि मी अंगाला टोचते, हे मला ठाऊक आहे. फुलंब्रीच्या पुतळाबाईने आपल्याच मेंढ्यांची लोकर कातून मला विणून घेतले, चिंचोक्याची खळ दिली आणि एकुलत्या एका मुलाच्या, सोनाजीच्या खांद्यावर टाकले. "थंडीवाऱ्याची पांघर रं लेकरा," ती म्हणाली. तेव्हा मी केवढी मिरवले!

सोनाजी मेंढरे सोडून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला. तिथे त्याच्या डोळ्यांदेखत सोबत्याचा हात प्रेस मशीनखाली चिरडला. रक्त सोनाजीच्या तोंडावर उडाले. तेव्हापासून मोठा आवाज झाला की त्याचे भान जाई आणि तो समोर येईल त्याला मारी. शेवटी पुतळाबाईने त्याला शहरातल्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात ठेवले. मीही सोबत गेले.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. एका दुपारी बाहेर दगडफेक झाली, रस्त्यावर काहीतरी धाडकन फुटले. सोनाजी किंचाळत उठला. त्याने स्टूल घालून खिडकी फोडली, तेच वॉर्डबॉय मोतीरामच्या कपाळावर हाणले. हातात काच रुतली तरी तो भिंतीवर ठोसे मारत राहिला. मोतीरामने आणि आणखी एकाने मिळून त्याला पालथे पाडले.

भेटीला आलेली पुतळाबाई रडत ओरडली, "मारू नका रं त्याला! डोळ्यावर अंधार करा. बुजलेला मेंढा असाच गप व्हतो." तिने स्वतःच्या हाताने मला त्याच्या डोक्यावर टाकले. धनगराच्या घरात वाढलेल्या बाईला दुसरे काय सुचणार? मोतीराम त्याच्या पाठीवर बसला. दुसऱ्याने मला मानेपाशी आवळले.

आत काय चालले होते ते मला एकटीलाच कळत होते. तो मला चावत होता. रक्त, लाळ सगळे माझ्यात मुरत होते. त्याला आता कुणाला मारायचे नव्हते हो, श्वास हवा होता! मग त्याचे पाय थांबले.

"बघा, झाला का नाय गप माझा लेक," म्हणत पुतळाबाईने डोळे पुसले. मला ओरडता येत नव्हते, मित्रांनो.

तेवढ्यात कालिंदी सिस्टर धावत आल्या. "मोतीराम, ऊठ आधी! श्वास अडकलाय त्याचा!" त्यांनी मला ओढून फेकले. सोनाजीचे ओठ निळे पडले होते. त्यांनी त्याला उताणा करून छाती दाबायला सुरुवात केली. कितीतरी वेळाने तो खोकला. तेव्हा पुतळाबाईने फोडलेला हंबरडा अजून माझ्या कानात आहे.

आता सोनाजी बिथरला की सिस्टर स्टूल, बाटल्या बाहेर काढायला लावतात, बाकीच्या रुग्णांना हलवतात आणि दाराशी उभ्या राहून हळू बोलतात, "मी इथंच आहे, सोनाजी. कुणी हात लावणार नाही." कधी भिंतीचे पोपडे पडतात, कधी शिव्या पडतात. पण तो दमून खाली बसतो.

मित्रांनो, बिथरलेल्या माणसाचे तोंड झाकू नका, पाठीवर बसू नका. तो एकाएकी गप झाला तर हायसे वाटून घेऊ नका, आधी त्याचा श्वास बघा. मी सोनाजीच्या पायथ्याशी घडी होऊन पडलेली असते. थंडीत तो कुडकुडतो, पण मला अंगावर घेत नाही. ज्याच्यासाठी मला विणले, तो मला भितो.