नीलपंखची माणसं

हॉलचे पडदे ओढत असतानाच समोरच्या मोठ्या स्क्रीनवर विमानाची शेपटी उजळली, आणि समीक्षाचा हात दोरीवरच थांबला. निळी शेपटी, तिच्यावर उलगडलेला पांढरा पंख.

“मॅडम, आणखी अंधार हवाय,” लॅपटॉपपाशी बसलेला माणूस म्हणाला.

तिने पडदा शेवटपर्यंत ओढला.

वलवणच्या त्या रिसॉर्टमध्ये ती बँक्वेट सुपरवायझर होती. लग्नं, साखरपुडे, कंपन्यांच्या बैठका. “मुंबईची पार्टी आहे, दोन दिवस. आतलं बाहेर जाता कामा नये, ही त्यांची अटच आहे,” एवढंच मॅनेजर प्रदीप सरांनी सकाळी सांगितलं होतं. पार्टी अंबर एअरवेजची निघाली. आणि स्क्रीनवरची शेपटी नीलपंखची होती. समीक्षा एकोणिसाव्या वर्षी हवाई सेविका म्हणून त्याच कंपनीत लागली होती आणि कंपनी बंद पडेपर्यंत तिथेच होती.

नीलपंख चार वर्षांपूर्वी बुडाली. दिवाळखोरीचं प्रकरण मुंबईच्या न्यायाधिकरणात रेंगाळत राहिलं आणि माणसं पांगली. कोणी आखातात गेलं, कोणी विम्याच्या कॉल सेंटरला लागलं, कोणी घरीच बसलं. या वर्षी अंबरने नीलपंख विकत घ्यायला बोली लावली, आणि जुन्या कर्मचाऱ्यांचा निपचित पडलेला व्हॉट्सअॅप ग्रुप पुन्हा जागा झाला. अंबरने शब्द दिला होता की भरतीत नीलपंखच्या माणसांना आधी घेऊ. त्या शब्दावर जुन्या कर्मचाऱ्यांची संघटना या बोलीवरची आपली हरकत मागे घेणार होती. सोमवारी सुनावणी होती. आज शुक्रवार.

चहाची ट्रॉली घेऊन ती मागच्या दाराने आत आली, तेव्हा समोर उभी असलेली बाई बोलत होती. आवाज ऐकताच समीक्षाने मान वर केली. इंद्रायणी मॅडम.

नीलपंखच्या ट्रेनिंगमध्ये मॅडमनीच तिला घडवलं होतं. वडिवळ्याहून आलेली, बोलताना जमिनीकडे बघणारी पोरगी. वर्गातल्या मुली तिच्या ‘न्हाई’ला हसल्या, तेव्हा मॅडमनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “गावाची लाज बाळगू नकोस. फक्त केबिनच्या दारात ते पायातल्या चपलेसारखं काढून ठेव. परत जाताना घालायचंच आहे.” त्या दिवसापासून समीक्षा त्यांच्यामागे सावलीसारखी राहिली. कंपनी बंद पडायच्या थोडं आधी मॅडम नोकरी सोडून गेल्या, एवढंच तिला माहीत होतं. अंबरमध्ये गेल्या, हे आज कळत होतं.

“आणि जुना स्टाफ?” टेबलाच्या टोकाकडून कोणीतरी विचारलं.

“कोणी नाही,” इंद्रायणी मॅडम म्हणाल्या. “आपल्याला त्यांच्या मुंबई-दिल्लीच्या उड्डाणांच्या वेळा हव्यात, विमानतळावरचं पार्किंग हवं, नाव हवं. केबिन क्रू आपला आहे. त्यांच्यातले बहुतेक पस्तिशीच्या पुढचे आहेत.”

“पण आपण कमिट केलंय.”

“प्राधान्य देऊ म्हटलंय. निवडू असं नाही म्हटलेलं. सोमवारी हरकत मागे घेऊ देत, मग बघू.”

हलकं हसू पसरलं. समीक्षाने कप मांडले, प्रत्येक कपाचा कान उजवीकडे ठेवून. मॅडमच्या समोर ती कप ठेवत असताना त्यांनी सवयीने “थँक यू” म्हटलं, वर पाहिलं, आणि त्यांचं पुढचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

दुपारी जेवणानंतर मॅडम तिला शोधत मागच्या व्हरांड्यात आल्या. खाली धरणाचं पाणी उन्हाने पांढरं पडलं होतं.

“तू इथे आहेस, मला कल्पना नव्हती गं.”

“दोन वर्षं झाली मॅडम.”

“बारीक झालीस.” मॅडमनी कठड्यावर हात ठेवला. “ऐकलंस तू.”

समीक्षाने हातातला ट्रे कठड्यावर टेकवला.

“मी ते बोलले नसते तर दुसरं कोणीतरी बोललं असतं. ते राहू दे. तुझ्यापुरतं सांगते. गुरुग्रामला ट्रेनिंग सेंटरमध्ये एक जागा माझ्या हातात आहे. नव्या मुलींना शिकवायचं. तू चांगलं शिकवशील, मला माहितीये. सोमवार झाला की फोन करते.”

“आणि बाकीचे?”

“सगळ्यांना नाही गं उचलता येत.” मॅडमचा आवाज खाली आला. “फक्त सोमवारपर्यंत कुणाशी काही बोलू नकोस. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय.”

‘नको’ असं समीक्षाच्या तोंडून आलं नाही. आलं ते इतकंच, “बरं मॅडम.” आणि पुढची सगळी दुपार, प्लेटा मोजून घेताना, टेबलक्लॉथ बदलताना, ती मनात गुरुग्रामच्या एका वर्गात उभी होती. समोर मुली बसल्या होत्या आणि ती त्यांना ताठ उभं राहायला शिकवत होती.

स्कूटीवरून वडिवळ्याला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. रखमाजी, तिचा बाप, गोठ्याच्या पडवीत दोर वळत बसला होता. सरुबाई, तिची आई, कामशेतला बाजाराला गेलेली.

“आली का? काय गं, तुमची कंपनी फिरून चालू व्हनार म्हनं. त्यो दूधवाला इचारत व्हता.”

ती त्याच्याशेजारी टेकली. घरात शिरली की तिची भाषा आपोआप बदलायची. “आबा, मला येक नोकरी द्यायला लागल्यात. लांब हाय, दिल्लीकडं. पन चांगली हाय.”

“मंग जा की! इचारायचं काय त्यात?”

“मला येकटीलाच. बाकीच्यांना कुनालाच घेनार न्हाईत. त्यांना वाटतंय घेनार हायत म्हनून.”

रखमाजीचे हात थांबले नाहीत. दोराचा पीळ एकदा घट्ट करून त्याने विचारलं, “त्यांना ठावं न्हाई?”

“न्हाई. मी सांगायचं न्हाई, म्हनून तर नोकरी.”

त्याने दोराच्या टोकाला गाठ मारली. मग म्हणाला, “ती तळेगावची वल्लरी गनपतीत आलती नव्हं, पोरीला घिऊन? पोरगी लय ग्वाड. वासरापाशीच बसून व्हती.” आणि उठून वैरण टाकायला गेला. जा म्हणाला नाही, जाऊ नको म्हणाला नाही.

शनिवारी बैठकीचा दुसरा दिवस होता. कामावर जायच्या आधी समीक्षा तळेगावला वल्लरीकडे गेली. दोघी एकाच बॅचच्या. वल्लरीचा नवरा सोडून गेला तेव्हा समीक्षा महिनाभर तिच्या घरी राहिली होती. वल्लरी एका दवाखान्यात रिसेप्शनला होती, पण परवाच तिने तिथे राजीनामा दिल्याचं ग्रुपवर आनंदाने लिहिलं होतं.

दार उघडलं तेव्हा ती केस बांधत होती. “अगं, ये ये! जिना चढून दमलीस? मी तर रोज चार वेळा चढते हल्ली. फिटनेस!”

समीक्षाने दारातच उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वल्लरी ऐकत गेली आणि तिचे हात केसांतून हळूहळू खाली आले.

“इंद्रायणी मॅडम असं बोलल्या?”

“माझ्यासमोर.”

“त्या असं बोलणारच नाहीत. तू अर्धवट ऐकलं असशील.”

“वल्लरी, त्यांनी मला वेगळी नोकरी देऊ केली. गप्प बसायच्या बदल्यात.”

“म्हणजे तुला मिळतेय.” वल्लरी कोरड्या आवाजात म्हणाली. “आणि आम्ही हरकत धरून बसायचं. बोली फिसकटली म्हणजे आमचंही गेलं. तू मात्र मॅडमच्या जवळची.”

“मी जाणार नाहीये गं.”

“मग सांगायला कशाला आलीस?” तिचे डोळे भरले होते. “राजीनामा दिलाय मी. पोरीला सांगून बसलेय, आई परत विमानात जाणार म्हणून. आता तू येऊन हे सांगतेस.”

आतल्या खोलीतून मुलीने विचारलं, “आई, कोण आलंय?” वल्लरीने दार लोटून घेतलं.

खाली स्कूटीवर बसून समीक्षाने ते सगळं ग्रुपवर लिहिलं, स्वतःच्या नावासकट, मॅडमच्या नावासकट. एकदा वाचलं आणि पाठवलं.

दिवसभर ग्रुप तापला. काहींनी विश्वास ठेवला, बऱ्याच जणांनी नाही. कोणी लिहिलं, ‘हॉटेलात वाढणाऱ्यांना बोर्डरूममधलं काय कळतं?’ ते लिहिणारा नीलपंखमध्ये सामान चढवायचा आणि आता स्वतः एका ढाब्यावर होता. कोणीतरी तिचा मेसेज अंबरकडेही पोचवला. संध्याकाळी प्रदीप सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं.

“तू चांगली आहेस गं कामाला. पण त्यांनी लेखी तक्रार केलीय. माझाही नाइलाज आहे. उद्यापासून येऊ नकोस.”

“समजलं सर.”

पार्किंगमध्ये इंद्रायणी मॅडम गाडीत बसत होत्या. समीक्षाला पाहून त्या क्षणभर थांबल्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत. खूप थकल्यासारख्या दिसल्या. “मीच तुला बोलायला शिकवलं,” एवढं म्हणाल्या आणि त्यांनी काच वर घेतली.

सोमवारी संघटनेने हरकत मागे घेतली. बोली मंजूर झाली. पुढे नीलपंखच्या नावाने विमानं पुन्हा उडू लागली, जाहिराती आल्या, त्यांत सगळ्या नव्या मुली. जुन्यांना मुलाखतीला बोलावलं आणि एकाच दुपारी सगळ्यांना परत पाठवलं. समीक्षाचा मेसेज खरा ठरला, तरी तिला कोणाचाही फोन आला नाही. खरं सांगितल्याचं समाधान असतं म्हणतात. ते तिला कुठे सापडलं नाही. रात्री अंथरुणात गुरुग्रामचा तो वर्ग मात्र आठवायचा.

जुलैच्या शेवटी, वडिवळ्यात भातलावणी चालू असताना, बांधावरून एक बाई छत्री सावरत येताना दिसली. वल्लरी होती. समीक्षा खाचरात पोटरीभर चिखलात उभी राहिली.

“मुलगी?” तिने विचारलं.

“शाळेत आहे. सुटली की माझ्या आईकडे जाईल.” वल्लरी बांधावरच थांबली. “दवाखान्यात परत नाही घेतलं. दुसरीकडे बघतेय.” मग थोड्या वेळाने, “ग्रुप बंद झाला. एकेक करून सगळे निघून गेले. शेवटी मी एकटीच होते त्यात. काल मीही निघाले.”

समीक्षाने मान हलवली. पावसाची बारीक भुरभुर होती. पलीकडे सरुबाई वाकून लावत होती, तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली.

वल्लरीने छत्री मिटून बांधावर ठेवली, चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरली. पहिल्याच पावलाला ती डगमगली. समीक्षाने तिचा दंड धरला. शेजारी रोपं वाटणाऱ्या रखमाजीने काही न विचारता रोपांची एक जुडी तिच्या हातात दिली.

“आंगठ्यानं दाबायचं, बाय. लय खोल न्हाई.”

लावताना मागे सरकायचं असतं हे ठाऊक नसल्याने ती लावत पुढेच सरकू लागली. तिची ओळ वाकडी जात होती, रोपं चिखलात धरत नव्हती, मागे पाण्यावर आडवी होत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. रखमाजी तिच्या मागून काही अंतर ठेवून चालत राहिला आणि आडवं झालेलं एकेक रोप वाकून, आवाज न करता, पुन्हा उभं करत गेला.