याला मुदत नाही

धप्पकन शिक्का बसला. 'मुदतबाह्य.'

"मावशी, वडील जाऊन अकरा वर्षं झाली. तीन वर्षांच्या आत यायला हवं होतं," खिडकीतले कारकून म्हणाले. कचेरीत त्यांना सगळे तारीखमास्तर म्हणत. कागद आला की हे गृहस्थ आधी तारीख बघत, मग शिक्का मारत आणि उरलेला मजकूर सवडीनं वाचत. ती सवड त्यांना तीस वर्षांत फारशी मिळाली नव्हती.

मावशी शिवणकामाचं छोटं दुकान चालवायच्या. वय अडुसष्ट. शेजारच्या गल्लीतला चष्मेवाला आपला बाप होता, हे कागदावर मान्य व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आईनं शपथ घातली होती, मी जिवंत असेतो तोंड उघडायचं नाही. आई नव्वदी गाठून गेल्या वर्षी गेली. मावशींनी शब्द पाळला आणि त्याचं हे बक्षीस! त्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांना आईचा राग आला आणि राग आल्याची लाजही वाटली.

हेडक्लार्क मॅडमनी जाता जाता तो कागद उचलला.

"मास्तर, खालचं वाचलंत का? या घरदार मागत नाहीयेत. आपला बाप कोण हे ठरवून मागायला लेकराला मुदत नसते. शंभराव्या वर्षी आल्या तरी घ्यायचा अर्ज. खोडा तो शिक्का."

मास्तरांनी जीभ चावली. "चुकलंच माझं, मावशी. या, इथे खिडकीशी स्टुलावर बसा, जबाब घेतो. त्यांची तुमची ओळख होती?"

"वर्षातून दोनदा शर्ट शिवायला यायचे. त्यांची मापं वहीत होती, तरी मी दर खेपेला नव्यानं घ्यायची. तेवढाच हात लागायचा हो! तेही कधी म्हणाले नाहीत, की मागचीच धरा म्हणून."

"बोलायचे काही?"

"'बाई, बाही जरा सैल ठेवा.' बस्स. मला बाईच म्हणायचे."

मास्तरांनी तेही लिहून घेतलं. मावशी खिडकीच्या गजांकडे बघत राहिल्या. हक्क शाबूत होता, पण ज्यांच्या तोंडून 'पोरी' अशी हाक ऐकायची, ते अकरा वर्षांपूर्वीच निघून गेले होते. आता दहा सह्या मिळाल्या तरी ते काही दुकानाची पायरी चढणार नव्हते.

जबाब वाचून दाखवायचा नियम होता. मास्तर नेहमीच्या सुरात भराभरा वाचत सुटले, "अर्जदार ही मयताची मुलगी असून, तिची आई..."

"साहेब, तेवढंच परत वाचा ना."

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी घसा खाकरला. मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कागद जवळ घेतला आणि या वेळी मोठ्यानं, सावकाश वाचलं, "मुलगी."

कुणी हाक मारावी तशा मावशी उठून उभ्या राहिल्या.