आधी त्यांचं म्हणणं

“बोलायला काय शिकवायचंय? ते घरी आईच शिकवते,” तत्त्वज्ञानाचे सर म्हणाले आणि सगळी समिती हसली. हसण्यात मीही होते. मांडीवरचा फोन मी पुन्हा सरळ करून पाहिला. घरी लेकीजवळ थांबलेल्या सासूबाईंचा काही निरोप नव्हता. ती अडीच वर्षांची होऊनही एक शब्द बोलत नव्हती, हे या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

संज्ञापन, म्हणजे बोलण्या-ऐकण्याचं शास्त्र, हा विषय कॉलेजात ठेवायचा की बंद करायचा, ते आज ठरायचं होतं. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान या थोरल्या जावांमध्ये आमचा विषय म्हणजे कालची सून. तो गेला की माझी नोकरीही गेली.

माझ्या वर्गात एक दंडक आहे: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं आधी मांडायचं, मगच आपलं. सवयीने इथेही तेच केलं, आधी सरांचं म्हणणं मांडलं. विचार करायला शिकवलं की बोलणं मागोमाग येतं. आधीच तास अपुरे, त्यांत हा वाटेकरी कशाला. विषय इतका पसरट की त्याला स्वतःचं घरच नाही. सर वाक्यावाक्याला मान डोलवत होते. जरा जास्तच चांगलं मांडलं असावं, कारण प्राचार्यबाईंनी पेनाला टोपण लावलं.

“म्हणजे तुम्हालाही पटलंय. सुटलो बाई,” त्या म्हणाल्या.

बोलण्याचा विषय शिकवणारीचीच दातखीळ बसली. तेवढ्यात सरच म्हणाले, “थांबा हो मॅडम. हे माझं झालं. त्यांचं कुठे ऐकलंत अजून?”

पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं होतं.

“माझ्या मुलीला सगळं समजतं, सर,” मी म्हणाले. “बोलत मात्र नाही. ती तोंड उघडायच्या आत आम्ही कुणीतरी उत्तर देऊन मोकळे होतो. बोलणं आपोआप मागोमाग येत असतं, तर आलं असतं. समोरच्याला बोलू देणं शिकावं लागतं. शिकलेल्या माणसांनासुद्धा.”

कुणी हसलं नाही. विषय राहिला, निम्म्या तासांवर, एका वर्षापुरता.

घरी पोचले तर लेक कपाटाकडे बोट दाखवत उभी. “बाहुली हवीय तिला,” म्हणत सासूबाई उठल्या. मी त्यांचा हात हलकेच धरला.

“राहू द्या आई. तिलाच विचारू.”

पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी जमिनीवर बसले. बाहुली? तिने मान हलवली, नाही. चेंडू? नाही. मग मी विचारायचंही थांबवलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. बोट अजून वरच होतं.