काळ्या खारीचा पिंजरा

या, अंजिराच्या सावलीत जरा जवळ सरकून बसा. आमच्या परसात घडलेली एक गोष्ट सांगते. मध्ये कुणी उठू नका हं, दुसऱ्यांदा मला ती सांगवणार नाही.

माझा थोरला भाऊ बियाजो चाळीस वर्षं तिकडे वर उत्तरेला, तोरिनोच्या कारखान्यात राबला आणि म्हातारपणी इकडे दक्षिणेत, कालाब्रियातल्या या घरी परत आला. वडिलांनी लावलेल्या अक्रोडाच्या झाडात त्याचा जीव. पण त्याच झाडाची साल कुणीतरी सोलायला लागलं. फांद्या वाळल्या, पाण्याच्या नळ्या कुरतडलेल्या सापडल्या. दादानं जाळ्या टाकल्या, बुंध्याला पत्रा गुंडाळला, शेवटी पिंजरा आणला.

"खारीच आहेत," तो म्हणाला. "तोरिनोच्या बागेत पाटीच होती, नुन्झिया. तांबडी ती आपली, दुसऱ्या रंगाची ती परकी."

तांबड्या पोटाची एक खार तर त्यानं माणसाळवलीच होती. नाव ठेवलं रोझिना. रोज तिच्यापुढे तळहातावर अक्रोड धरायचा.

मी म्हणायचे, "वहिनीला कधी असं भरवलं नाहीस रे!"

मे महिन्यातला रविवार. देवळात पाहुणे म्हणून आलेल्या साधुबाबांनी नोहाच्या तारवाचं आख्यान असं काही गायलं, की डोळ्यांचं पाणी खळेना. शेवटचं पद गुणगुणतच मी परसात आले. बघते तर दादा पाण्याच्या पिंपावर वाकलेला, हातात पिंजरा. आत कोळशासारखी काळीभोर खार, पोट दुधासारखं पांढरं.

"दादा, थांब! मेल्या, थांब!"

"ओरडतेस काय? परकी आहे."

"परकी? अरे, ही आपली! या डोंगरावर दुसरी खार होती कधी? लहानपणी असल्याच खारीला दगड मारलास म्हणून आईनं बदडलं होतं तुला!"

"पण पाटीवर…"

"ती पाटी तिकडची!"

तेवढ्यात वर करकर आवाज झाला. सालीची लांब पट्टी दादाच्या खांद्यावर पडली. आम्ही दोघांनी वर पाहिलं. रोझिना फांदीला विटकरी पोट चिकटवून दातांनी साल ओढत होती. समुद्राकाठच्या गावात कुणीतरी हौसेनं बाहेरदेशीच्या खारी सोडल्यात, हे मी बाजारात ऐकलं होतं. ऐकलं आणि विसरले.

दादाचा चेहरा राखेसारखा झाला. पिंजरा त्यानं जमिनीवर ठेवला, दार उघडलं. काळी खार कुंपणावरून निघून गेली.

"नुन्झिया," तो म्हणाला, "मग आधी बुडवलेल्या दोघी?"

मी पिंपाकडे पाहिलं.

"दुसरी पिलांची आई होती गं. तिच्या पोटाला दूध होतं."

बहात्तर वर्षांचा माणूस, त्या दुपारी शिडी घेऊन उतारावरच्या प्रत्येक झाडाच्या ढोलीत हात घालत फिरला. तीन दिवस फिरला. काही सापडलं नाही.

पापाची कबुली द्यायला गेला, तर पाद्रीबाबा हसले. म्हणाले, "अहो, खारीच ना?" दादा हसला नाही. तेव्हापासून तो देवळाच्या उंबऱ्यापर्यंत येतो, बाहेर उभं राहून पदं ऐकतो आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या वेळी निघून जातो.

म्हणून सांगते, आज सांजेला हात जोडाल तेव्हा माझ्या बियाजोचं नाव घ्या. वाईट नाही हो तो. फार दिवस लांब होता, एवढंच.